सद्भावाचे वाचन : कपटी हस्तांतरणाच्या कायद्याचा एक इतिहास

नादारीच्या उंबरठ्यावर उभा असलेला ऋणको आपली मालमत्ता नातलगाच्या वा मित्राच्या नावे करून देतो, हा प्रकार ऋणव्यवहाराइतकाच जुना असावा. अशी हस्तांतरणे रद्द करून मालमत्ता सर्व धनकोंसाठी परत मिळवण्याची तरतूद अनेक विधिपद्धतींत आढळते. खरी अडचण त्यानंतर उभी राहते. ज्याने रास्त मोबदला देऊन, ऋणकोच्या मनातले काहीही न जाणता ती मालमत्ता घेतली, त्याचे काय? ती काढून घ्यावी तर त्याच्यावर अन्याय होतो. राहू द्यावी तर धनकोंवर. या पेचातून वाट काढण्यासाठी कायद्याने ‘सद्भाव’ ही संकल्पना हाती घेतली. परंतु सद्भाव ही मनाची अवस्था आहे आणि न्यायालयापुढे येतात ती कृत्ये व शब्द. त्यामुळे या बचावाचा इतिहास हा बऱ्याच अंशी अर्थनिर्णयनाचा इतिहास ठरतो.

रोमन कायद्यातील ज्या उपायाला पुढे ‘ऍक्टिओ पाउलियाना’ हे नाव मिळाले, त्याची चर्चा जस्टिनियनच्या इ. स. ५३३ च्या ‘डायजेस्ट’मध्ये ४२ व्या ग्रंथाच्या ८ व्या प्रकरणात येते. तेथे मालमत्ता घेणाऱ्यांचे दोन वर्ग पडतात. मोबदला देऊन घेणाऱ्याविरुद्ध दावा चालण्यासाठी त्याला ऋणकोच्या कपटाची जाणीव असणे आवश्यक होते. दानाच्या बाबतीत मात्र अज्ञान हा पुरेसा बचाव नव्हता. अनभिज्ञ दानग्राहीलाही आपल्यापाशी उरलेल्या लाभापुरते परत करावे लागे. त्याच्या हातून केवळ लाभ निसटतो, पदरचे काही जात नाही, असा त्यामागील तर्क होता.

इंग्लंडमध्ये १५७१ च्या अधिनियमाने धनकोंना नागवण्यासाठी केलेली हस्तांतरणे निष्प्रभ ठरवली. उचित प्रतिफल देऊन आणि सद्भावाने घेतलेली मालमत्ता तेवढी वगळली. या तरतुदीतील ‘आणि’ हा छोटासा शब्द किती निर्णायक आहे, ते १६०२ च्या (काही ग्रंथांत १६०१ च्या) ट्वाइन खटल्याने दाखवून दिले. हॅम्पशायरमधील पिअर्स नावाचा इसम ट्वाइनचे ४०० पौंड आणि आणखी एका धनकोचे २०० पौंड देणे लागत होता. दुसऱ्या धनकोचा दावा चालू असतानाच पिअर्सने आपली सुमारे ३०० पौंडांची सगळी जंगम मालमत्ता कर्जफेड म्हणून गुपचूप ट्वाइनला लिहून दिली. तरीही ती पिअर्सच्याच ताब्यात राहिली. मेंढ्यांची लोकर तोच कातरत होता, त्यांच्यावर स्वतःचीच खूण उमटवत होता. काही माल त्याने विकलाही. पुढे शेरीफची माणसे जप्तीला आली, तेव्हा त्यांना बळाने अडवण्यात आले. प्रकरण स्टार चेंबरपुढे गेले.

ट्वाइनचे कर्ज खरे होते, म्हणजे प्रतिफल खरे होते. तरीही त्याचा बचाव टिकला नाही, कारण सद्भावाची दुसरी अट अपुरी राहिली. ती पारखण्यासाठी न्यायालयाने सहा कपटचिन्हे नोंदवली : नेसूच्या वस्त्रांचाही अपवाद न करता सर्वस्वाचे दान, ताबा देणाऱ्याकडेच राहणे, गुप्तता, दावा प्रलंबित असतानाची घाई, उभयतांमधील छुपा विश्वासव्यवहार, आणि सहावे चिन्ह म्हणजे, हे दान प्रामाणिकपणे, खरेपणाने व सद्भावाने केले आहे, असे दस्तातच लिहिलेले असणे. जे सरळ व्यवहारात कोणी लिहीत नाही, ते लिहिण्याची गरज का भासली, हा न्यायालयाचा प्रश्न होता. सद्भावाचा उच्चारच असद्भावाची खूण ठरला. येथे न्यायाधीश दस्ताचे विधान स्वीकारत नाही. त्या विधानामागचे प्रयोजन वाचतो. आणखी एक बाब ध्यानात घेण्याजोगी आहे : या खटल्याचा प्रसिद्ध वृत्तान्त लिहिणारे एडवर्ड कोक हेच खटल्यात ऍटर्नी जनरल म्हणून फिर्यादीची बाजू मांडत होते. उत्तरकालीन परंपरेने वाचलेली ही चिन्हांची यादी म्हणजे एका पक्षाच्या वकिलाने केलेले कथनही आहे.

इंग्रजी अंमलात हा विचार भारतात आला. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५३ ने सद्भावाने व प्रतिफल देऊन घेणाऱ्याचे हक्क राखले. मुंबई, कलकत्ता व मद्रास या शहरांसाठी १९०९ चा आणि इतरत्र १९२० चा नादारी अधिनियम आला. त्यांतही सद्भावी खरेदीदाराला अपवाद होता. पण सद्भाव म्हणजे काय, यावर भारतीय कायद्याने दोन उत्तरे दिली. १८६० च्या दंडसंहितेनुसार योग्य काळजी व लक्ष यांवाचून केलेले कृत्य सद्भावाचे नव्हे, आणि तीच व्याख्या २०२३ च्या भारतीय न्याय संहितेत कायम राहिली. १८९७ च्या साधारण वाक्खंड अधिनियमानुसार मात्र प्रामाणिकपणा पुरेसा आहे, मग हयगय झालेली असो वा नसो. पहिली व्याख्या सावध वाचकाची अपेक्षा करते, तर दुसरी भोळ्या वाचकालाही क्षमा करते. ‘सद्भाव’ हा एकच शब्द दोन्हींचा भार वाहतो.

अमेरिकेच्या १९७८ च्या दिवाळखोरी संहितेने हा बचाव पायऱ्यापायऱ्यांनी मांडला. कपटी हस्तांतरणात खुद्द ऋणकोकडून सद्भावाने घेणाऱ्याला, त्याने दिलेल्या मूल्यापुरतेच संरक्षण मिळते. त्याच्याकडून पुढे घेणाऱ्याने मूल्य व सद्भाव यांखेरीज, मूळ हस्तांतरण रद्द होऊ शकते याचे अज्ञानही दाखवावे लागते. भारताच्या २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने आणखी वेगळा मार्ग घेतला. अधिमान्य व्यवहारांबाबतच्या कलम ४४ नुसार संबंधित पक्षाच्या बाबतीत सद्भावाचा अभाव गृहीत धरला जातो, आणि जाहीर घोषणा झाली की घेणाऱ्याला कार्यवाहीची माहिती होती असे मानले जाते. उलट सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर येतो. ट्वाइन खटल्यात न्यायाधीश चिन्हे वाचत होता. येथे घोषणा वाचण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर आली आहे.

चार शतकांत चिन्हांचा वाचक असा बदलत गेला. मन थेट वाचता येत नाही, ही मूळ अडचण मात्र हॅम्पशायरच्या त्या मेंढ्यांवरील खुणेइतकीच स्पष्ट राहिली आहे. दस्तातील शब्द ट्वाइनच्या बाजूने बोलत होते. मेंढ्यांवरची खूण पिअर्सची होती, आणि न्यायालयाने विश्वास ठेवला तो खुणेवर.