गर्भाशयमुखाचा कर्करोग : बार्शीने जगाला काय दिले?

गर्भाशयमुखाचा कर्करोग हा एका अर्थाने विलक्षण आजार आहे. त्याचे कारण ठाऊक आहे. प्रत्यक्ष कर्करोग होण्याच्या कित्येक वर्षे आधी त्याची चाहूल लागू शकते, ती लागल्यावर काही मिनिटांच्या उपचाराने तो रोखता येतो, आणि आता त्यावर लसही उपलब्ध आहे. असे असूनही २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे ६ लाख ६० हजार स्त्रियांना हा आजार झाला व सुमारे साडेतीन लाख स्त्रिया त्याने दगावल्या. यात भारतातील नव्या रुग्णांची संख्या सुमारे १ लाख २७ हजार आणि मृत्यू जवळजवळ ८० हजार होते. इतके ज्ञान हाताशी असताना इतके मृत्यू का, याचे उत्तर शोधताना वैद्यकशास्त्राला न्यूयॉर्क-लंडनच्या प्रयोगशाळांइतकेच सोलापूर जिल्ह्यातील बार्शी आणि शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांकडेही वळावे लागले.

या आजाराचे मूळ ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस अर्थात एचपीव्ही या विषाणूत आहे. जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड झुर हाउसेन यांच्या चमूने १९८३ व १९८४ मध्ये या विषाणूचे १६ व १८ क्रमांकाचे प्रकार गर्भाशयमुखाच्या गाठींमधून वेगळे काढले. या शोधासाठी त्यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जगातील सुमारे ७० टक्के गर्भाशयमुख कर्करोगांना हे दोनच प्रकार कारणीभूत असतात. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो आणि इतका सर्वत्र आढळतो की, बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा त्याचा संसर्ग होतोच. त्यामुळे या आजाराला चारित्र्याशी जोडणे केवळ अन्यायाचे नव्हे, तर शास्त्रदृष्ट्याही चुकीचे आहे. बहुतांश स्त्रियांच्या शरीरातून एक-दोन वर्षांत हा विषाणू आपोआप नाहीसा होतो. मोजक्या स्त्रियांमध्ये तो ठाण मांडून बसतो, पेशींच्या वाढीवर लगाम ठेवणारी प्रथिने निकामी करतो आणि तेथील पेशी हळूहळू बदलू लागतात. या बदलांचे कर्करोगात रूपांतर होण्यास साधारणतः पंधरा-वीस वर्षे लागतात. तपासणीचे सारे शास्त्र या दीर्घ अवधीवर उभे आहे.

हा अवधी प्रथम उपयोगात आणला तो ग्रीसमध्ये जन्मलेल्या व न्यूयॉर्कमध्ये काम करणाऱ्या जॉर्ज पापानिकोलाउ यांनी. योनिमार्गातील स्रावाचा काचपट्टीवर लेप घेऊन, तो रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर कर्करोगाच्या पेशी ओळखता येतात, हे त्यांनी १९२८ मध्ये मांडले. तेव्हा त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ हर्बर्ट ट्राउट यांच्यासमवेत १९४१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधानंतर मात्र ‘पॅप स्मिअर’ हे नाव सर्वतोमुखी झाले. (या संशोधनासाठी त्यांच्या पत्नी मेरी यांनी वर्षानुवर्षे स्वतःचे नमुने दिले होते. चाचणीला नाव मात्र पतीचे मिळाले.) फिनलंडने १९६० च्या दशकात सर्व स्त्रियांना ठरावीक वर्षांनी बोलावून ही तपासणी सुरू केली आणि तेथील या आजाराचे मृत्यू पुढील काही दशकांत सुमारे ८० टक्क्यांनी घटले.

परंतु पॅप चाचणी म्हणजे केवळ एक काचपट्टी नव्हे. नमुना नीट घेणारी परिचारिका, रंगद्रव्ये, प्रयोगशाळा, तासन् तास सूक्ष्मदर्शकावर बसणारे प्रशिक्षित तंत्रज्ञ, अहवाल परत पोहोचवणारी यंत्रणा आणि दोष आढळल्यास स्त्रीला पुन्हा बोलावणारी व्यवस्था अशी ती लांबलचक साखळी आहे. शिवाय एका वेळच्या लेपात कर्करोगपूर्व बदल निसटण्याची शक्यता बरीच असते, म्हणून ती दर काही वर्षांनी पुन्हा करावी लागते. श्रीमंत देशांना ही साखळी परवडली. रोजंदारी बुडवून तालुक्याला येणाऱ्या स्त्रीला तीन आठवड्यांनी अहवालासाठी पुन्हा ये म्हणणे, हा तपासणीचा नव्हे, तपासणी टाळण्याचा मार्ग ठरतो.

यातून व्हीआयए ही साधी पद्धत पुढे आली. तीन ते पाच टक्के तीव्रतेचे ॲसेटिक ॲसिड, म्हणजे जवळजवळ स्वयंपाकघरातील व्हिनेगर, गर्भाशयमुखावर लावायचे आणि मिनिटभर थांबून चांगल्या उजेडात नुसत्या डोळ्यांनी पाहायचे. बदललेल्या पेशींमध्ये प्रथिनांचे प्रमाण अधिक असल्याने तो भाग पांढरा पडतो. निष्कर्ष तिथल्या तिथे मिळतो आणि प्रयोगशाळेची गरज उरत नाही. पद्धतीची मर्यादाही उघड आहे : पाहणाऱ्याच्या डोळ्यावर सारे अवलंबून असते, आणि पाळी बंद झाल्यानंतर ज्या भागात बदल होतात तो आत सरकत असल्याने वयस्क स्त्रियांमध्ये ती फारशी उपयोगी पडत नाही.

आता प्रश्न असा होता की, पॅप, व्हीआयए आणि नव्याने आलेली एचपीव्हीची डीएनए चाचणी या तिन्हींपैकी ग्रामीण भारतात खरोखर जीव वाचवते ती कोणती? याचे उत्तर तज्ज्ञांच्या मतांतून मिळणार नव्हते. ते मोजून पाहावे लागणार होते, आणि मोजण्यासाठी आधी नोंदी हव्या होत्या. त्या बार्शीत होत्या. भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये येथे सुरू झाली. खेड्यात मृत्यूचे कारण कागदावर येतेच असे नाही. म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरत, लोकांना लक्षणे समजावून सांगत आणि संशयित रुग्णांना बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात पाठवत. डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. भगवान नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या या कामाचा एक परिणाम असा झाला की, कोणतेही नवे यंत्र न आणता, केवळ माहिती पोहोचल्यामुळे स्त्रिया आजाराच्या आधीच्या टप्प्यावर रुग्णालयात येऊ लागल्या.

या पायावर १९९९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातील चाचणी-प्रयोग सुरू झाला. मुंबईचे टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे रुग्णालय आणि फ्रान्समधील लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचा तो संयुक्त प्रकल्प होता. डॉ. रंगस्वामी शंकरनारायणन त्याचे प्रमुख होते. तीस ते ५९ वर्षे वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रियांचा त्यात समावेश होता. गावांचे ५२ समूह करून त्यांची चार गटांत विभागणी करण्यात आली. पहिल्या गटाला एचपीव्ही चाचणी, दुसऱ्याला पॅप, तिसऱ्याला व्हीआयए, आणि चौथ्या गटाला नेहमीची आरोग्यसेवा, म्हणजे तपासणी नाही. प्रत्येक चाचणी एकदाच करण्यात आली व नंतर आठ वर्षे पाठपुरावा झाला.

एप्रिल २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष स्पष्ट होते. तपासणी न झालेल्या गटात या आजाराने ६४ स्त्रिया दगावल्या, एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४. पॅप गटात ५४ आणि व्हीआयए गटात ५६ मृत्यू झाले. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर महत्त्वाचा ठरला नाही. आयुष्यात एकदाच होणाऱ्या तपासणीत केवळ एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणले. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे, ही चाचणी निर्दोष आलेल्या स्त्रियांमध्ये पुढील वर्षांत कर्करोगाचे प्रमाण लाखात चारपेक्षाही कमी होते. निर्दोष पॅप किंवा व्हीआयएनंतर ते सुमारे चौपट होते. याचा व्यावहारिक अर्थ असा की, एकदा निर्दोष ठरलेल्या स्त्रीला पुन्हा वर्षा-दोन वर्षांनी दवाखान्यात बोलावण्याची गरज नाही.

पुढे जागतिक धोरणाची दिशा याच प्रकारच्या पुराव्यांवर ठरली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये जाहीर केलेल्या उद्दिष्टानुसार २०३० पर्यंत ९० टक्के मुलींना १५ व्या वर्षापर्यंत लस, ७० टक्के स्त्रियांची ३५ आणि ४५ व्या वर्षापर्यंत अशी दोनदा खात्रीची तपासणी आणि दोष आढळलेल्या ९० टक्के स्त्रियांना उपचार मिळावयाचे आहेत. २०२१ मध्ये संघटनेने एचपीव्ही डीएनए चाचणीला पहिली पसंती दिली.

मात्र या यशाची एक बाजू अस्वस्थ करणारी आहे. तपासणी न झालेल्या गटातील ६४ मृत्यूंवरून शास्त्राला उत्तर मिळाले. पॅप चाचणीची उपयुक्तता जगाला अनेक दशके ठाऊक असताना हजारो स्त्रियांना तपासणीविना ठेवणे नैतिक होते काय, असा आक्षेप भारतातील या प्रकारच्या प्रयोगांवर पुढे घेतला गेला. प्रयोगकर्त्यांचे उत्तर असे की, देशात स्त्रियांची नियमित तपासणी होतच नव्हती, त्यामुळे नेहमीची सेवा म्हणजे तपासणी नसणे हेच वास्तव होते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. परंतु ज्या गरिबीमुळे स्त्रियांना तपासणी मिळत नव्हती, तीच प्रयोगाचे समर्थन ठरावी, ही गोष्ट सहज पचणारी नाही.

मुंबईतील वस्त्यांमध्ये टाटा स्मारक केंद्रानेच डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली केलेला दुसरा प्रयोग व्हीआयएच्या बाजूने बोलतो. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना अवघ्या चार आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या घेण्यात आल्या. बारा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०१३ मध्ये मृत्यूत ३१ टक्के घट झाल्याचे जाहीर झाले. तमिळनाडूतील दिंडीगुल जिल्ह्यातही प्रशिक्षित परिचारिकांनी केलेल्या एकाच फेरीने मृत्यू ३५ टक्क्यांनी घटले होते. उस्मानाबाद, मुंबई व दिंडीगुल यांचे आकडे शेजारी ठेवले, तर व्हीआयए वाईट नाही, पण ती माणसांच्या तयारीवर उभी आहे, हे लक्षात येते.

तपासणीनंतरच्या उपचारातही असाच बदल झाला. कर्करोगपूर्व भाग गोठवण्याच्या क्रायोथेरपीला वायूचे जड सिलिंडर लागत. आता बॅटरीवर चालणाऱ्या, हातात मावणाऱ्या उपकरणाने तो भाग सुमारे १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून नष्ट करता येतो. भूलही सहसा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या पद्धतीस मान्यता दिली. एचपीव्ही चाचणीसाठी स्त्री स्वतःच नमुना घेऊ शकते, हा तर खेड्यापाड्यांतील संकोचावरचा मोठा उतारा आहे. संगणकाने छायाचित्र पाहून निदान करावे, अशीही खटपट चालू आहे. २०१९ मधील एका अभ्यासाने त्याविषयी मोठी आशा निर्माण केली, पण जुन्या विशिष्ट कॅमेऱ्याच्या चित्रांवर शिकलेली प्रणाली मोबाइलच्या चित्रांवर तितकी चालत नाही, हे पुढे दिसून आले.

लशीची कहाणी निराळी. ऑस्ट्रेलियात इयन फ्रेझर व जियान झोऊ यांनी १९९१ मध्ये विषाणूच्या बाह्य आवरणाचे पोकळ कवच प्रयोगशाळेत तयार केले. आत जनुकीय द्रव्यच नसल्याने त्यापासून संसर्ग होऊ शकत नाही. यावर आधारित पहिली लस २००६ मध्ये आली. भारतात २००९ मध्ये आंध्र प्रदेश व गुजरातमध्ये सुरू झालेला प्रात्यक्षिक लसीकरण प्रकल्प काही मुलींच्या मृत्यूनंतर एप्रिल २०१० मध्ये थांबवण्यात आला. चौकशीत मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही. पालकांऐवजी वसतिगृहांतील अधिकाऱ्यांनी संमतिपत्रांवर सह्या केल्याचे मात्र उघडकीस आले आणि संसदीय समितीनेही २०१३ मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले.

याच स्थगितीमुळे बार्शी, पुणे व मुंबईसह देशातील अनेक केंद्रांवर चाललेला एक स्वतंत्र अभ्यासही अर्धवट राहिला. दोन की तीन मात्रा पुरेशा, हे त्यात पाहावयाचे होते. प्रत्यक्षात ४ हजार ९५० मुलींना एकच मात्रा मिळाली. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत एका मात्रेचे १६ व १८ प्रकारांच्या चिवट संसर्गापासूनचे संरक्षण सुमारे ९५ टक्के, म्हणजे तीन मात्रांच्या तोडीचे आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये एका मात्रेचा पर्याय स्वीकारला, त्यामागील महत्त्वाच्या पुराव्यांत हा अपघाताने घडलेला अभ्यास आहे. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’ या भारतीय लशीला परवानगी मिळाली आणि १ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात ९ ते १४ वर्षांच्या मुलींच्या लसीकरणास प्रोत्साहन देण्याचे सरकारने जाहीर केले.

लस आधी झालेला संसर्ग बरा करीत नाही. त्यामुळे तिशी ओलांडलेल्या स्त्रियांपुढे तपासणी हाच मार्ग उरतो. शरीरसंबंधानंतर किंवा पाळी बंद झाल्यावर होणारा रक्तस्राव आणि दुर्गंधीयुक्त स्राव ही लक्षणे दिसताच वैद्यकीय सल्ला घेणे आवश्यक आहेच, पण लक्षणांची वाट पाहणे म्हणजे ती पंधरा-वीस वर्षांची संधी हातची घालवणे होय. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी व्हीआयए तपासणी व्हावयाची आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयोगटातील ज्या स्त्रियांची ही तपासणी आयुष्यात एकदा तरी झाली होती, त्यांचे प्रमाण १.९ टक्के आढळले. शहरांत ते २.२ टक्के होते.