तपासणीला निघालेल्या बायका

आपला जिल्हा उस्मानाबाद म्हणवत होता तेव्हाची, 1999 सालची ही हकीकत. मुंबईचे टाटा रुग्णालय व बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय यांनी जिल्ह्यातील 30 ते 59 वयाच्या सुमारे 1,31,000 स्त्रियांची पाहणी हाती घेतली. पिशवीच्या तोंडाचा कर्करोग त्रास होण्याआधीच हुडकायचा होता. काही गावांत तपासणी होई, काहींत नाही.

कार्यकर्त्या घरी आल्या तेव्हा आई म्हणाली, "मला काही दुखत नाही, मग कशाला?" खरी भीती निराळीच. रोग निघाला तर लोक बाईच्या वागण्यालाच नावे ठेवायचे! आजीने तर "आधी त्याला विचार" म्हणून वडिलांकडे बोट दाखविले. शेवटी शेजारच्या काकू जाऊन आल्या व म्हणाल्या, "अगं, तपासणारी बाईच आहे." तेव्हा कुठे आई निघाली.

2009 साली निष्कर्ष छापून आला. एकदाच विषाणूची चाचणी झालेल्या गटात या रोगाने दगावलेल्या स्त्रिया, तपासणी न झालेल्या गटाच्या मानाने, निम्म्याच्या आसपास होत्या.

लाज मात्र तेवढ्याने गेली नाही. पुढे माझ्या मावशीच्या हाताला न्हाणीत छातीची गाठ लागली. वर्षभर तिने ती पदराआड ठेवली. आईने विचारले तर म्हणाली, "सांगू कुणाला, अक्का?"