आणेवारीपासून पीक कापणीपर्यंत

महाराष्ट्रात यंदा ज्वारी किती पिकली, हा आकडा देशाच्या धान्योत्पादनात आणि राष्ट्रीय उत्पन्नात धरला जातो. धान्याच्या आयात-निर्यातीचे निर्णय अशाच आकड्यांवर होतात. राज्यातलं प्रत्येक शेत कोणी मोजू शकत नाही, तरी आकडा येतो. त्याचा उगम आहे शेतात खुंट्या ठोकून, दोरी बांधून आखलेल्या एका लहानशा तुकड्यात.

त्याआधी होती आणेवारी. सोळा आणे म्हणजे भरपूर पीक, आणि त्या हिशेबात यंदाचं पीक किती आणे हे उभं शेत नजरेनं पाहून ठरे. शेतसाऱ्याची सूट-तहकुबी त्यावर अवलंबून. १९१८ साली गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यात तंटा झाला तो यावरूनच. पीक चार आण्यांच्या आत असेल तर सारा तहकूब व्हायचा. शेतकरी म्हणत, चार आणेही नाही. मुंबई इलाख्याचे अधिकारी म्हणत, त्याहून जास्त आहे. गांधीजींना सत्याग्रह करावा लागला. ज्याला सारा भरायचा आणि ज्याला तो वसूल करायचा, त्या दोघांच्याही नजरेवर माप सोपवणं धोक्याचं होतं.

१९२०च्या दशकात बिहार-ओरिसात हबक या सनदी अधिकाऱ्यानं भाताच्या शेतात छोटी चौकट टाकून तेवढंच पीक कापून तोललं. चौकट कुठे पडावी हे चिठ्ठी टाकल्यासारखं नशिबावर सोडायचं, हा त्याचा आग्रह. पुढे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालात तागाच्या पाहण्यांतून नमुना पद्धतीचा मोठा पसारा उभा केला. त्यांचा भर लहान तुकड्यांवर होता.

साताऱ्याकडच्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी इथेच हरकत घेतली. तुकडा जितका लहान, तितकी त्याच्या क्षेत्राच्या मानानं कड लांब. कडेवरचं ताट आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो आणि उत्पादन फुगतं. त्यांनी मोठा तुकडा धरला: ३३ फूट बाय साडेसोळा फूट, म्हणजे एकराचा बरोबर ८०वा भाग. मेट्रिक मापात तोच दहा बाय पाच मीटर झाला. दोन्ही बाजूंनी हिरिरीनं वाद झाला, आणि त्यातून पद्धत घासूनपुसून निघाली.

महाराष्ट्रात आज बहुतेक पिकांसाठी हेच माप चालतं. गट नंबर यादृच्छिक आकड्यांनी निघतो. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यापासून लांबीत आणि रुंदीत किती पावलं जायचं, हेही आकडाच सांगतो. पीक उत्तम असो की करपलेलं, दोरी तिथेच बांधायची. कापणी, मळणी, वजन, आणि ओल उडाल्यावर पुन्हा वजन.

पीक विम्याची भरपाईही अशाच प्रयोगांवर ठरत आली आहे. म्हणून तुकडा हलवणारा, किंवा शेतात न जाता तक्ता भरणारा, अख्ख्या महसूल मंडळाच्या हक्काला हात लावतो. गावात पीक कापणी प्रयोग असेल त्या दिवशी शेतकऱ्यांनी हजर राहावं, दोरी नीट पाहावी, काटा वाचावा. देशाचा आकडा तिथे तयार होतो, आणि त्यावर पहारा ठेवण्याचा पहिला हक्क त्यांचाच आहे.