परकोटाबाहेरची कोंडी

अमरावतीचा परकोट पेंढाऱ्यांच्या भीतीतून उभा राहिला. निजामाच्या अमलात १८०७ साली त्याचे काम सुरू झाले. वीस ते सव्वीस फूट उंचीची दगडी भिंत, सव्वादोन मैलांचा घेर, पाच दरवाजे आणि चार खिडक्या. हा सारा खटाटोप मुख्यतः आत राहणाऱ्या सावकार-व्यापाऱ्यांसाठी होता. घोड्यांवरून येणारी टोळी भिंतीने अडते. पण कोणी दरवाज्यापुढे हजार रिकाम्या बैलगाड्या आणून उभ्या केल्या असत्या तर? एकही दगड न हलता कापसाचा बाजार बंद पडला असता. पेढी शाबूत, तिजोरी शाबूत, आणि धंदा मात्र ठप्प.

संगणकाच्या जाळ्यावरील ज्या हल्ल्याला ‘डिनायल ऑफ सर्व्हिस’ म्हणतात, त्याचे स्वरूप हेच आहे. हल्ला हजारो ठिकाणांहून एकदम आला की त्याला ‘डीडॉस’ म्हणतात. ‘सेवा-नकार हल्ला’ हा प्रतिशब्द मला बोजड वाटतो. आपल्याकडे ‘कोंडी’ हा शब्द असताना दुसरा शोधण्याचे कारण नाही. यात चोरी होत नाही, म्हणून ‘आमच्याकडे चोरण्यासारखे आहेच काय’ असे म्हणणारा जिनिंगवाला किंवा डाळमिलवालाही यातून सुटत नाही. २०१८ पासून राज्याबाहेर जाणाऱ्या पन्नास हजारांवरील मालाला ई-वे बिल लागते. लाईन बसली की भरलेला ट्रक आवारातच उभा. मोबाईलवरून एखाद-दुसरे बिल काढता येईल. पण सगळा हिशेब जर दूरच्या सर्व्हरवर असेल तर दिवसभराचा कारभार असा चालत नाही.

या कोंडीचा पहिला गाजलेला बळी न्यूयॉर्कची पॅनिक्स ही इंटरनेट कंपनी. साल १९९६, महिना सप्टेंबर. दोन संगणकांचे बोलणे सुरू होण्याआधी ‘येऊ का?’, ‘या’, ‘आलो’ अशी तीन पावलांची ओळख होते. हल्लेखोराने खोट्या पत्त्यांवरून ‘येऊ का?’ विचारायचे आणि पुढे यायचेच नाही, असा सपाटा लावला. सेकंदाला दीड-दोनशे निरोप, एवढेच. पण प्रत्येकासाठी सर्व्हर एक जागा राखून ठेवी आणि त्या जागा थोड्या होत्या. यावर डॅनियल बर्नस्टीन यांनी सुचवलेली युक्ती मला या सगळ्या इतिहासात सर्वांत देखणी वाटते. येणाऱ्याची नोंद ठेवायचीच नाही. त्याच्या हातात असा क्रमांक द्यायचा की तो परत आला तर त्या क्रमांकावरूनच तो खरा की खोटा हे कळावे. टोकन दिले, वहीत काही लिहिले नाही. ‘सिन कुकी’ नावाची ही सोय लिनक्समध्ये आजही फुकट मिळते.

मग पैसे मोजून घेतलेली फायरवॉल कशाला? घुसखोर अडवायला ती हवीच. पण बहुतेक फायरवॉल प्रत्येक जोडणीची नोंद ठेवतात, आणि कोंडीत सर्वांआधी ही नोंदवहीच भरते. म्हणजे पहारेकरीच पहिला कोसळतो. कोंडीसाठी खास बनवलेली यंत्रे, उदाहरणार्थ आर्बरची, ही चूक टाळतात. तरी त्यांनाही एक मर्यादा आहे, आणि ती यंत्राची नसून जागेची आहे.

ही जागेची गोष्ट महाराष्ट्रात ठळकपणे दिसली ती जुलै २०१६ मध्ये. मुंबईतील छोट्या इंटरनेट सेवादारांवर सेकंदाला २०० गिगाबिट इतका लोंढा आला. राज्याच्या सायबर विभागाचे तेव्हाचे प्रमुख ब्रिजेश सिंह यांनीच ही माहिती जाहीर केली आणि गुन्हा नोंदवला गेला. आता हिशेब करा. अकोल्याच्या एखाद्या कारखान्याची लाईन १०० मेगाबिटची असेल, तर तो लोंढा तिच्या दोन हजार पट होता. गिगाबिटची लाईन घेतली तरी दोनशे पट. कोलकाता मेलची सगळी गर्दी बडनेऱ्याला उतरून अमरावतीच्या शटलमध्ये घुसली, तर अमरावती स्टेशनावरचा तिकीट तपासनीस कितीही हुशार असला तरी काय करणार? खरा प्रवासी बडनेऱ्यालाच राहिला. गर्दी भुसावळला अडवायला हवी होती.

म्हणून संरक्षणाच्या साधनांची तुलना करताना किंमत आणि कंपनी यांआधी एकच प्रश्न विचारावा, असे माझे मत झाले आहे: हे साधन गर्दी कुठे अडवते?

सेवादाराच्या पातळीवरचा सर्वांत जुना आणि स्वस्त उपाय म्हणजे ‘ब्लॅकहोल’. ज्या पत्त्यावर लोंढा येतो आहे त्या पत्त्याचा सगळाच माल, खरा आणि खोटा, वाटेतच टाकून द्यायचा. शेजारचे ग्राहक वाचतात; पण ज्याच्यावर हल्ला आहे तो पूर्ण बंद पडतो. हल्लेखोराला जे हवे होते ते त्याच्यासाठी सेवादारच करून देतो! तरीही मी याला सरसकट नावे ठेवणार नाही. आपल्याकडच्या लहान सेवादारांतले बरेचसे मूळचे केबलवाले. एका गिऱ्हाईकापायी सारा मोहल्ला अंधारात ठेवणे त्यांना परवडत नाही. २००९ मध्ये ‘फ्लोस्पेक’ ही थोडी सुधारलेली पद्धत आली. अमुक प्रकारचाच माल टाका, बाकीचा जाऊ द्या, असे तीत सांगता येते. मात्र वरच्या सेवादाराने ते ऐकायला हवे.

त्यानंतरचा टप्पा सफाई केंद्रांचा. लोंढा दूरच्या मोठ्या केंद्राकडे वळवायचा, तिथे गाळायचा आणि स्वच्छ माल परत पाठवायचा. २८ फेब्रुवारी २०१८ रोजी गिटहबवर सेकंदाला १.३५ टेराबिटचा मारा झाला. त्यांनी वाट अकामाईच्या केंद्राकडे वळवली; पाच मिनिटे बंद, आणखी चार मिनिटे अडखळत, आणि मग सुरळीत. पण ही वाट वळवायला स्वतःच्या नावावर किमान २५६ पत्त्यांचा सलग गट लागतो, कारण त्याहून लहान गटाची घोषणा बाकीचे जग सहसा मानत नाही. चार पत्ते भाड्याने घेतलेल्या मिलला हे साधत नाही. तिने सफाईची सेवा आपल्या सेवादारामार्फतच घ्यावी. टाटा कम्युनिकेशन्ससारख्या कंपन्या ती विकतात. १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सामान्यांसाठी इंटरनेट सुरू करणारी व्हीएसएनएल ती हीच.

केवळ संकेतस्थळ वाचवायचे असेल तर मार्ग सोपा आणि स्वस्त आहे. क्लाउडफ्लेअरने सप्टेंबर २०१७ पासून हल्ल्याच्या आकारावर पैसे घेणे बंद केले. नाव त्यांच्याकडे वळवले की येणारा आधी त्यांच्या दारात जातो. यात दोन खाचखळगे आहेत. जुना थेट पत्ता उघडा राहिला तर हल्लेखोर मागच्या दाराने येतो; म्हणून तो बदलावा आणि फक्त मध्यस्थाकडून आलेलीच वाहतूक स्वीकारावी. दुसरे, कार्यालयाची लाईन, शाखांची जोडणी, दूरध्वनी यांना याचा उपयोग नाही. शिवाय खऱ्या ग्राहकाचे सोंग घेऊन येणारी गर्दी ओळखायची तर मध्यस्थाला बंद पाकीट उघडून वाचावे लागते. सहकारी बँकेने हा करार करण्याआधी दोनदा विचार करावा.

खोट्या पत्त्यांवर मूळ उपाय केव्हाच लिहून ठेवलेला आहे. फर्ग्युसन आणि सेनी यांनी मे २००० मध्ये मांडलेल्या नियमानुसार प्रत्येक सेवादाराने आपल्या हद्दीतून खोट्या पत्त्याचा माल बाहेरच जाऊ देऊ नये. सगळ्यांनी तो पाळला असता तर पॅनिक्ससारखे हल्ले जवळजवळ संपले असते. पण खर्च ज्याने करायचा त्याला लाभ नाही, लाभ दुसऱ्याच गावातल्याला. त्यामुळे पाव शतकानंतरही तो अर्धवटच पाळला जातो. आणि २०१६ मध्ये मिराईने हजारो कॅमेरे आणि राउटर खऱ्याच पत्त्यांवरून जुंपले, तेव्हा हा नियमही अपुरा पडला. मूळचा पासवर्ड न बदललेला आपल्या दुकानातला कॅमेराही अशा फौजेत असू शकतो.

कायद्याची बाजू थोडक्यात. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३ (एफ) अशा अडवणुकीलाच लागू आहे आणि कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या आदेशानुसार हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावे लागते.

अमरावती-अकोल्यातल्या उद्योजकाने नवे यंत्र घेण्यापूर्वी सेवादाराचा करार काढून वाचावा. किती लोंढ्यावर आपला पत्ता ब्लॅकहोलमध्ये टाकला जाईल, किती तासांसाठी, परत कोण उघडणार, रात्री दोन वाजता फोन कोण उचलणार, आणि पर्यायी लाईन खरोखर दुसऱ्या वाटेने येते की तिचीही केबल त्याच खड्ड्यातून आलेली आहे.