ए ते झेड, आणि पुन्हा अग्नी

आज एका गेमचा इतिहास सांगतोय. खरं तर तो त्या गेमची वाट बघणाऱ्यांचा इतिहास आहे.

आधी आपलं पुणं. इथल्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०१७ मध्ये 'राजी'साठी किकस्टार्टरवर १ लाख २० हजार पौंड मागितले. तेवढे जमले नाहीत, आणि तिथला नियमच असा की ठरलेला आकडा गाठला नाही तर एक पैसाही हातात येत नाही. श्रुती घोष या सहसंस्थापकांनी तर राहतं घर विकून काम चालू ठेवलं. पण डेमो लोकांनी खेळून बघितला होता, त्यामुळे नाव विसरलं गेलं नाही. ऑगस्ट २०२० मध्ये गेम आला आणि त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकनही मिळालं.

तरी राजीमागे स्टुडिओ होता, पुढे प्रकाशकही मिळाला. जिथे पगारच नाही, सगळे नोकरी-कॉलेज सांभाळून रात्री काम करतात, तिथे चाहते कशाच्या जोरावर थांबतात?

त्यासाठी 'झीरो ए.डी.' बघा. प्राचीन काळातल्या लढायांचा हा गेम, फुकट. सुरुवात २००१ ची, 'एज ऑफ एम्पायर्स २'मध्ये बदल करायच्या कल्पनेतून. २००९ मध्ये त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला झाला. ऑगस्ट २०१० मध्ये पहिली अल्फा आवृत्ती आली. म्हणजे नऊ वर्षं! एवढ्या वेळात आपल्याकडे पोरगं चौथीत जातं.

आता गंमत ऐका. प्रत्येक आवृत्तीला इंग्रजी वर्णमालेच्या क्रमानं नाव द्यायचं ठरलं आणि नावं सुचवायला चाहत्यांना सांगितलं. पहिली 'अर्जेंटम'. दहावी 'झेलम', तिचं स्पेलिंग जे पासून. तेरावी, २०१३ ची, 'मगध'. तिच्यात मौर्य आले, त्यांचे कामकरी हत्तीही. हा हत्ती चालतंफिरतं कोठार असतो. लाकूड-धान्य त्याच्यापाशी टाकायचं, गावात परत जायला नको. मला तरी हा गेममधला सगळ्यात गोड प्राणी वाटतो.

त्याच वर्षी त्यांनी लोकांकडे १ लाख ६० हजार डॉलर मागितले. जमले ३३ हजारांच्या आसपास. प्रकल्प बंद पडला नाही, कारण तो पैशावर उभाच नव्हता.

मला वाटतं, खरी करामत त्या अक्षरांची. फुकट राबणारा माणूस तारीख कशी देणार? कुणाची परीक्षा, कुणाच्या घरी बाळ. तारीख दिली आणि हुकली की लोक चिडतात. अक्षर मात्र हुकत नाही, उशिरा येतं एवढंच. मे २०१८ मध्ये डब्ल्यूची पाळी आली, तेव्हा प्रकल्पाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक असलेल्या दिवंगत केन वुड यांचं नाव दिलं गेलं. पुढचं एक्स यायला २०२१ चा फेब्रुवारी उजाडला. पावणेतीन वर्षं! २०२२ मध्ये झेड संपलं. आता काय? पुन्हा ए. जानेवारी २०२५ मध्ये सत्ताविसावी आवृत्ती आली, तिचं नाव 'अग्नी'.

हे सगळं शोधत बसलो, कारण इथे खराडीत आम्ही पाच जण शनिवार-रविवारी किल्ल्यांचा गेम बनवतोय. शिफ्ट संपवून, अर्थात फुकटच. वर्ष झालं. आमच्या ग्रुपवर आधी रोज 'कधी येतोय?' विचारायचे. हल्ली कुणी विचारत नाही, आणि ते जास्त टोचतं. म्हणून परवा अर्धाकच्चा डेमो देऊन टाकला. एकच बुरूज चढता येतो, दोरी मधेच गायब होते. नाव 'अजिंक्यतारा'. पुढचं 'आ' वरून हवंय म्हटलं, तर एका रात्रीत भांडण पेटलं: नाशिकचे म्हणतात 'आड', पालघरचे म्हणतात 'आसावा'. 'इ'साठी 'इंद्राई' आत्ताच कुणीतरी राखून ठेवलाय. 'ङ' आणि 'ञ'चं काय करायचं, ते तुम्हीच सांगा.