क्लाराची गाडी चुकली तेव्हा



शाळेचं स्नेहसंमेलन जवळ आलं की आपल्या घरात काय चालतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. पोरगी गाणं पाठ करते, आई पोळ्या लाटता लाटता ऐकते, आजी म्हणते, "मोठ्यानं म्हण गं." आणि ऐन दिवशी तीच पोरगी स्टेजवर जाऊन गप्प उभी राहते. मग घरी आल्यावर बोलणी खाते. आज मी तुम्हाला अशाच एका मुलीची गोष्ट सांगणार आहे. ती आपल्याकडची नाही, जर्मनीतली आहे आणि दोनशे वर्षांपूर्वीची आहे. पण ऐकताना ती तुम्हाला लांबची वाटणार नाही.

या मुलीचं नाव क्लारा वीक. जन्म १३ सप्टेंबर १८१९, गाव लाइपझिग. वडील फ्रीडरिश वीक पियानो शिकवायचे आणि पियानो विकायचेही. पियानो म्हणजे काय, तर आपल्या पेटीसारख्याच काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, पण भाता नाही. पट्टी दाबली की आत एक छोटी हातोडी तारेवर आपटते आणि सूर निघतो. आजच्या पियानोला ८८ पट्ट्या असतात. क्लाराच्या काळात त्या याहून कमी होत्या.

क्लाराची आई मारियाने स्वतः गायची, पियानो वाजवायची. पण नवरा-बायकोचं पटलं नाही आणि १८२४ साली आई घर सोडून गेली. तिथल्या कायद्यानं मुलांवर हक्क बापाचा. पाच वर्षांची क्लारा आईपासून तुटली ती तेव्हा. ही पोर चार वर्षांची होऊन गेली तरी बोलत नव्हती. लोकांना वाटायचं, हिला ऐकू येत नाही. पण सूर मात्र तिला बरोबर ऐकू यायचे. बोलण्याच्या आधी तिला संगीत आलं म्हणा ना.

वडिलांनी तिला शिकवायला घेतलं. त्यांची पद्धत आजही विचार करण्यासारखी आहे. आधी कान, मग कागद. सुरुवातीला स्वरलिपी वाचायला न लावता ऐकून, हातानं वाजवायला लावलं. रोज एक तास धडा, दोन तास सराव, आणि रोज मोकळ्या हवेत लांबवर चालणं. दिवसभर बाकावर बसवून ठेवायचं नाही.

क्लारा नऊ वर्षांची झाली आणि पहिल्यांदा लोकांपुढे वाजवायचा दिवस आला. तारीख २० ऑक्टोबर १८२८. जागा लाइपझिगचं गेवांडहाउस, म्हणजे गावातलं सगळ्यात मोठ्या मानाचं सभागृह. तिला एकटीनं वाजवायचं नव्हतं. वडिलांच्याच एका मोठ्या विद्यार्थिनीबरोबर, एकाच पियानोवर दोघींनी चार हातांनी वाजवायचं होतं. लहान मुलाला पहिल्यांदा उभं करताना शेजारी मोठं माणूस असावं, ही गोष्ट त्यांनी नेमकी केली.

त्या दिवशी काय झालं, ते क्लारानंच पुढे सांगितलं आहे. न्यायला घोडागाडी येणार होती. एक गाडी आली, आत बऱ्याच मुली होत्या, क्लारा चढून बसली. थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं की रस्ता भलताच आहे. ती गाडी निघाली होती शेजारच्या गावी नाचाच्या कार्यक्रमाला, आणि ज्या क्लाराला न्यायला ती आली होती ती दुसरीच क्लारा होती! पोर रडायला लागली. मागून खरी गाडी धावत आली, तिला उतरवून घेतलं आणि सभागृहावर पोचवलं. दारात वडील उभे. आता ओरडा बसणार, असं आपल्याला वाटेल. पण त्यांनी हातात साखरेच्या गोळ्यांचा पुडा ठेवला आणि सांगितलं की अगं, सांगायचं विसरलोच, पहिल्यांदा वाजवायला जाणाऱ्याला नेहमीच चुकीच्या जागी नेतात! पोरगी शांत झाली आणि छान वाजवून आली.

पण मैत्रिणींनो, गोष्ट इथं थांबवली तर ती अर्धीच होईल. हाच बाप क्लाराच्या धाकट्या भावाला, व्हायोलिन नीट वाजवली नाही म्हणून, केस धरून ओढायचा. घरी शिकायला आलेल्या रॉबर्ट शूमान या तरुणानं ते पाहून आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलं. क्लाराची रोजनिशीसुद्धा कित्येक वर्षं वडीलच लिहायचे, तिच्या नावानं, "मी" असं म्हणून! मैफली तिच्या, टाळ्या तिला, आणि कमाई वडिलांच्या ताब्यात. क्लारा आणि रॉबर्टनं लग्न करायचं ठरवलं तेव्हा वडिलांनी विरोध केला. प्रकरण कोर्टात गेलं. त्या वेळी पाठीशी उभी राहिली ती लहानपणी दुरावलेली आई. १२ सप्टेंबर १८४० ला लग्न झालं, क्लाराच्या एकविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी.

पुढे आठ मुलं झाली. रॉबर्ट आजारी पडले आणि १८५६ साली गेले. मागं सात लेकरं. क्लारानं गावोगावी, देशोदेशी पियानो वाजवून घर चालवलं. १८७८ पासून ती फ्रँकफर्टच्या संगीत विद्यालयात शिकवू लागली. शिकायला इंग्लंडहूनही मुली यायच्या. तिच्या लेकी मारी आणि ऑयगेनी विद्यार्थ्यांची तयारी करून घ्यायला मदत करायच्या. १८९६ साली ती वारली. पुढे जर्मनीच्या १०० मार्कच्या नोटेवर तिचा चेहरा छापला गेला. जिची कमाई एकेकाळी दुसऱ्याच्या हातात होती, तिचाच चेहरा नोटेवर! बचत गटातल्या बाईला यातली गंमत वेगळी सांगायला नको.

मग आपण यातून काय घ्यायचं? पियानो शिकवणारे आजही मुलांना सांगतात तेच. कार्यक्रमासाठी नवं, अवघड काही घेऊ नका, हातात बसलेलं घ्या. आधी घरच्या चार माणसांसमोर, मग शेजाऱ्यांसमोर म्हणून दाखवा. मध्ये चुकलं तर मागं जाऊ नका, पुढं चालत राहा. आणि आपण मोठ्यांनी काय करायचं? सराव घ्यायचा, पण तिच्या नावानं आपली हौस भागवायची नाही. बक्षीस मिळालं तर ते तिच्या हातात द्यायचं.

यंदा संमेलनाला तुमची पोरगी स्टेजवर अडली, तर घरी आल्यावर आधी तिला जवळ घ्या. गाडी चुकलेल्या क्लाराची गोष्ट सांगा. गूळ-शेंगदाणे हातावर ठेवा. आणि पुढच्या वर्षी परत नाव द्यायचं का, हे तिलाच विचारा.