डबा असलेली गाडी, डबा नसलेली गाडी

आजचा धागा गाडीच्या पोटाखालचा आहे.

अंधेरीच्या आरटीओत नोंदलेल्या, एमएच ०२ क्रमांकाच्या दोन मारुती ८०० शेजारी शेजारी उभ्या आहेत अशी कल्पना करा. एक १९९४ सालची, दुसरी १९९६ सालची. वरून पाहता दोघींत फरक नाही. मुंबईची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस दोघींचेही सायलेन्सर सारख्याच निष्ठेने खातो. परंतु नवा सायलेन्सर बसवण्याची वेळ आली की प्रश्न उभा राहतो. १९९६ च्या गाडीच्या धुराच्या नळीत इंजिन आणि सायलेन्सर यांच्या मध्ये एक डबा आहे. १९९४ च्या गाडीत तो कधी नव्हताच. हा डबा म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. तो परत बसवणे कोणाला बंधनकारक आणि कोणाला नाही, या साध्या प्रश्नामागे सत्तर वर्षांचा इतिहास आहे.

आधी डब्यात काय असते ते पाहू. आत मधाच्या पोळ्यासारखी चिनीमातीची जाळी असते. तिच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अतिशय पातळ थर असतो. जाळी सुमारे तीनशे अंशांपर्यंत तापली की तिच्यातून जाणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडचे आणि अर्धवट जळलेल्या इंधनाचे रूपांतर कार्बन डायऑक्साइड व पाण्याच्या वाफेत होते. नायट्रोजनची ऑक्साइडेही मोडतात, मात्र त्यासाठी हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण काटेकोर राखावे लागते. धातू स्वतः खर्च होत नाहीत. ते केवळ घडवून आणतात. म्हणूनच त्यांना उत्प्रेरक म्हणतात.

ही कल्पना युजीन हुद्री या फ्रेंच अभियंत्याची. अमेरिकेत स्थायिक झालेल्या हुद्रीने खनिज तेलापासून उच्च प्रतीचे पेट्रोल काढण्याची उत्प्रेरकी पद्धत आधीच यशस्वी केली होती. लॉस एंजेलिसच्या धुरक्याने अस्वस्थ होऊन तो मोटारीच्या धुराकडे वळला आणि १९५० च्या दशकात त्याने कन्व्हर्टरचे पेटंट मिळवले. तरीही डबा जवळजवळ वीस वर्षे पडून राहिला. कारण होते शिसे. १९२१ मध्ये थॉमस मिजली याने जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत शोधून काढले होते की टेट्राएथिल लेड मिसळलेल्या पेट्रोलने इंजिन ठोकत नाही. तेच शिसे जाळीवर बसते आणि उत्प्रेरक निकामी करते. शिसे आणि डबा एकत्र नांदू शकत नव्हते.

अमेरिकेने १९७५ च्या मॉडेलांपासून डब्याचा आग्रह धरला, तेव्हा पंपांवर बिनशिशाचे पेट्रोलही ठेवावे लागले. इथे एक गंमत घडली. सहा हजार पौंडांहून अधिक एकूण वजनाच्या पिकअपना सवलत होती. फोर्डने त्याच वर्षी त्या रेषेच्या थोडा वर बसणारा ‘एफ-१५०’ बाजारात आणला. म्हणजे डबा नको आणि शिशाचे स्वस्त पेट्रोलही चालेल! आज जगभर मिरवणाऱ्या या नावाचा जन्म एका नियमातील फटीत झाला आहे.

भारतात हा डबा आला तो सर्वोच्च न्यायालयाच्या दारातून. एम. सी. मेहता यांनी १९८५ मध्ये दाखल केलेल्या प्रदूषणविषयक याचिकेच्या ओघात बिनशिशाच्या पेट्रोलचा आणि कन्व्हर्टरचा निर्णय झाला. १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार महानगरांत विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल मोटारींना तो बंधनकारक झाला. या वाक्यातले तीन शब्द ध्यानात ठेवा : महानगर, नव्या, मोटारी. रत्नागिरीत, म्हणजे एमएच ०८ मध्ये, त्याच महिन्यात विकली गेलेली तशीच मोटार डब्याविना बाहेर पडू शकत होती. रस्त्यावर आधीच धावणाऱ्या गाड्या सुटल्या. डिझेलचे टेम्पो आणि पिकअपही सुटले. त्यांच्या नळीत सायलेन्सरपलीकडे काही नव्हतेच. डिझेलसाठीचा उत्प्रेरक पुष्कळ नंतर आला.

सुरुवातीची वर्षे विचित्र होती. मुंबईत बिनशिशाचे पेट्रोल मिळे, पण दूर गावी गेलेल्या डबेवाल्या गाडीच्या मालकाला पंपावर शिशाचेच पेट्रोल घेण्यावाचून गत्यंतर नसे. अशा थोड्याच टाक्या रिकाम्या झाल्या की जाळी कायमची निकामी. गाडी मात्र चालतच राही, त्यामुळे मालकाला पत्ताही लागत नसे. संपूर्ण देशात शिसे बंद झाले ते १ फेब्रुवारी २००० रोजी.

आणि जुन्या गाड्यांचे काय? माझ्या मते या कथेतला सर्वांत मुंबईकर भाग हाच. अंधेरी-कुर्ला रस्ता ज्या कुर्ल्याला जाऊन भिडतो, तेथील प्रीमियरच्या कारखान्यात घडलेली पद्मिनी टॅक्सी म्हणून शहरभर धावत होती. कित्येकींत नंतर डिझेलचे इंजिन बसवलेले होते. १९९९ मध्ये ‘स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम’ने मुंबई उच्च न्यायालयात महापालिकेविरुद्ध जनहित याचिका दाखल केली. न्यायालयाने व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि २००० मध्ये तिचा अहवाल आला. पुढील आदेशांनी जुन्या टॅक्सींपुढे ठेवलेला पर्याय स्पष्ट होता : स्वच्छ इंधन घ्या किंवा रस्ता सोडा. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या महानगर गॅसचे पंप होते म्हणूनच हे शक्य झाले. म्हातारीला डबा न बसवता शहराने तिचे अन्नच बदलले. पुढे टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आली आणि २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली.

आता आपल्या दोन मारुतींकडे परत येऊ. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ११५ गाडीच्या धुराची मर्यादा ठरवतो. पीयूसी केंद्रावर तीच तपासली जाते. २००४ पासून लागू झालेल्या तक्त्यात भारत स्टेज-दोनपूर्वीच्या चारचाकी पेट्रोल गाड्यांना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे, आणि स्टेज-दोन व तीनच्या गाड्यांना ०.५ टक्के. सहापटींचा हा फरक मुख्यतः त्या डब्याच्या भरवशावर आहे. पण १९९४ आणि १९९६ या दोन्ही गाड्या या तक्त्यात एकाच ओळीत येतात! जिला विकताना डबा सक्तीचा होता, तिला तपासताना तो विचारलाच जात नाही. डब्याच्या जागी सरळ नळी वेल्डिंग करून घेतली आणि कार्ब्युरेटर नीट लावला, तर ती ३ टक्क्यांत बसू शकते. जुन्या आरसी बुकात कन्व्हर्टरसाठी रकानाही नाही.

कागदावरचा कायदा मात्र मोकळीक देत नाही. मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांत फेरफार करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र प्रकरणात या कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेले कलम १८२-अ परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद सांगते. धूर आणि आवाजाच्या मानकभंगासाठी कलम १९० वेगळे आहेच : दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने परवाना अपात्र. तात्पर्य, जी गाडी डब्यासह जन्मली तिच्यात सायलेन्सर बदलताना डबा परत यायला हवा. जी त्याविना जन्मली तिच्याकडून नियम ११५ ची मर्यादा आणि चालू स्थितीतला सायलेन्सर, एवढीच अपेक्षा आहे.

डब्याची खरी किंमत अलीकडे चोरांनी ओळखली. मार्च २०२१ मध्ये ऱ्होडियमचा भाव औंसाला तीस हजार डॉलरच्या जवळ पोहोचला होता, सोन्याच्या पंधरापटींहून अधिक. गुजरात आणि महाराष्ट्रात इको गाड्यांचे सायलेन्सर रातोरात नाहीसे होऊ लागले. चोर त्यातल्या जाळीच्या भुग्याला ‘माती’ म्हणतात. काही टोळ्या तर सायलेन्सर कापून माती काढतात आणि तोच पुन्हा जोडून ठेवतात. सकाळी गाडी सुरू होते, आवाज किंचित बदललेला असतो, बस्स. या गाड्या स्टेज-दोननंतरच्या असल्याने रिकामा डबा पुढच्या पीयूसीत उघडा पडू शकतो. जुन्या सायलेन्सरच्या मोबदल्यात नवा स्वस्तात देऊ करणारा कोणी भेटला, तर त्याला नेमके काय हवे आहे ते आता आपल्याला ठाऊक आहे. काढलेला डबा गॅरेजवाल्याकडून मागून घ्यावा आणि हलवून पाहावा. आत खडखडाट झाला तर जाळी फुटलेली आहे. हाताला अगदीच हलका लागला, तर माती आधीच गेली आहे.